रक्तात कॅल्शियम जास्त, आणि तेही घराण्यातून आलेले

कॅल्शियम कमी झाल्याची तक्रार घेऊन रोज दोन-चार माणसे दवाखान्यात येतात. कंबर धरली, गुडघा दुखला, रात्री पोटरीत गोळा आला की "डॉक्टर, कॅल्शियम कमी झाला असतला" असे निदान पेशंट घरूनच करून येतो. कॅल्शियम जास्त झाले म्हणून घाबरून आलेला माणूस मात्र विरळा. दोन वर्षांपूर्वी, पावसाळा सुरू होता होता, अशा एक बाई माझ्याकडे आल्या. वय ४८, पेशाने शिक्षिका, फोंडाघाटच्या जवळच्याच एका वाडीतल्या. मे महिन्याच्या सुट्टीत मुंबईला भावाकडे गेल्या असता त्याने आग्रहाने त्यांची संपूर्ण तपासणी करवली होती. साखर, कोलेस्टेरॉल सगळे ठीक. फक्त कॅल्शियम ११.२. शंभर मिलिलिटर रक्तात ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम कॅल्शियम असावे असा साधारण हिशेब आहे. रिपोर्टवर तांबड्या खुणेने आकडा ठळक केलेला, आणि खाली सर्जनला दाखवण्याचा सल्ला.

पहिला संशय मला माझ्या स्वतःवरच आला. कंबरदुखीसाठी त्यांना वर्षभर कॅल्शियमच्या गोळ्या मीच लिहून दिल्या होत्या, आणि त्याआधी रक्त तपासले नव्हते. गोळ्या बंद केल्या. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. आकडा तोच, ११.२. बाईंना त्रास म्हणाल तर काहीच नाही. सोबत आलेल्या त्यांच्या आईने, ७६ वर्षांच्या आजींनी, मला सरळच विचारले, "हिका कायच होणा नाय, मगे गळ्याचा ऑपरेशन कित्याक?"

प्रश्न रास्त होता. त्याचे उत्तर देण्यासाठी आधी शरीरातल्या कॅल्शियमचा कारभार कसा चालतो ते पाहावे लागेल.

मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण किलोभर कॅल्शियम असते. त्यातले ९९ टक्के हाडांत आणि दातांत. रक्तात असते ते अगदी थोडे. पण स्नायूंचे आकुंचन, मज्जातंतूंचे संदेश, हृदयाचा ठोका हे सारे त्या थोडक्यावर अवलंबून असल्यामुळे शरीर ते फार काटेकोरपणे सांभाळते. हे काम गळ्यातल्या चार छोट्या ग्रंथी करतात. थायरॉइडच्या मागच्या अंगाला चिकटलेल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. त्यांना परावटू किंवा पॅराथायरॉइड ग्रंथी म्हणतात. या ग्रंथी पहिल्यांदा दिसल्या त्या आपल्याकडच्या एकशिंगी गेंड्यात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात हा भारतीय गेंडा १८४९ साली मेला आणि रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाने त्याचे शवविच्छेदन केले, तेव्हा. माणसातल्या ग्रंथींचे नीट वर्णन १८८० साली स्वीडनमधल्या सँडस्ट्रॉमने केले.

रक्तातले कॅल्शियम जरा उतरले की या ग्रंथी पॅराथायरॉइड संप्रेरक सोडतात. ते हाडांतून कॅल्शियम काढते, मूत्रपिंडाला लघवीवाटे जाणारे कॅल्शियम अडवायला सांगते आणि 'ड' जीवनसत्त्वाला कामाला लावून आतड्यातून जास्त कॅल्शियम शोषून घ्यायला लावते. कॅल्शियम पुरेसे झाले की ग्रंथी गप्प बसतात. आता ग्रंथीला कळते कसे, की पुरेसे झाले? त्यांच्या पेशींच्या पृष्ठभागावर कॅल्शियम ओळखणारे एक प्रथिन असते. पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा असतो, पाणी वर आले की तो नळ बंद करतो. हे प्रथिन त्या गोळ्याचे काम करते. गायीच्या पॅराथायरॉइडमधून या प्रथिनाचा छडा १९९३ साली बोस्टनच्या एडवर्ड ब्राऊन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. ते बनवण्याची आज्ञा तिसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील सीएएसआर नावाच्या जनुकात असते.

त्या गोळ्याची दांडी थोडी वर वाकली तर काय होईल? नळ बंद होईल, पण पाणी नेहमीपेक्षा चार बोटे वर चढल्यावर. टाकी फुटलेली नाही, नळही बिघडलेला नाही. फक्त पातळी वर ठरली आहे. सीएएसआर जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून, एक वडिलांकडून) एका प्रतीत दोष असला की नेमके हेच घडते. जन्मापासून त्या माणसाचे कॅल्शियम ११ च्या आसपास राहते आणि त्याच्या शरीराला तेच योग्य वाटते. मूत्रपिंडातही हेच प्रथिन असते. तिथेही चूक तशीच, त्यामुळे मूत्रपिंड कॅल्शियम बाहेर टाकण्याऐवजी अडवून धरते. रक्तात कॅल्शियम जास्त आणि लघवीत कमी, अशी उलटी जोडी दिसते. म्हणून या लोकांना सहसा मुतखडे होत नाहीत, हाडेही ठिसूळ होत नाहीत. १९७२ साली अमेरिकेतल्या फोली यांनी अशा कुटुंबांचे वर्णन करताना 'कौटुंबिक निरुपद्रवी' असाच शब्द वापरला होता. पुढे २०१३ साली आणखी दोन जनुकांत, जीएनए११ आणि एपी२एस१ मध्ये, दोष असला तरी हेच होते असे सिद्ध झाले. ही दोन्ही जनुके एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहेत. बहुतेक कुटुंबांत मात्र दोष सापडतो तो सीएएसआरमध्येच.

बाईंच्या गोष्टीकडे परत येऊ. त्यांचे पॅराथायरॉइड संप्रेरक ५८ आले होते. त्या लॅबची कमाल मर्यादा ६५. आकडा 'नॉर्मल' म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. पण कॅल्शियम ११.२ असताना ग्रंथींनी गप्प बसायला हवे, संप्रेरक अगदी खाली जायला हवे. गोळ्यांमुळे किंवा 'ड' च्या इंजेक्शनामुळे कॅल्शियम चढले असते तर तसे झाले असते. इथे ग्रंथी जाग्या होत्या. म्हणजे एक तर ग्रंथीत गाठ, नाही तर हा घराण्यातला प्रकार. मी भावंडांची चौकशी केली तेव्हा बाई सहज म्हणाल्या, "दादाचं झालंय की हेच ऑपरेशन, आठ वर्षांपूर्वी. दोन ग्रंथी काढल्या. त्याचं कॅल्शियम अजून अकराच आहे."

इथे मला कॉलेजात शिकलेले, नंतर तीस वर्षे न लागलेले काहीतरी अंधूक आठवले. ग्रंथीविकारांचे तज्ज्ञ असलेल्या माझ्या वर्गमित्राला फोन केला. तो पहिल्या मिनिटाला म्हणाला, "अरे, लघवी तपासलीस का?" तपासली नव्हती. भावाचे ऑपरेशन झाले तिथेही ती तपासली गेली नव्हती, हे नंतर त्यांची फाइल पाहिल्यावर कळले.

ही चूक जगभर झाली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील डॉ. मार्क्स यांनी १९८० साली पॅराथायरॉइडची शस्त्रक्रिया अयशस्वी ठरलेल्या रुग्णांचा शोध घेतला, तेव्हा त्यांतील जवळपास दहांत एक जण या घराण्यातल्या प्रकाराचा निघाला. चारही ग्रंथींची दांडी वाकलेली असताना दोन काढून पातळी कशी उतरणार? उरलेल्या दोन काम चालू ठेवतात. आणि चारही काढल्या तर कॅल्शियम कायमचे खाली जाते, हातापायांना मुंग्या आणि वांब येतात, आणि जन्मभर रोज गोळ्या घ्याव्या लागतात. निरोगी माणसाला आजारी करण्याचाच हा प्रकार.

तपासणी अशी असते. चोवीस तासांची लघवी गोळा करायची. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, रात्रीची धरून, लॅबने दिलेल्या कॅनमध्ये जमा करायची; दुसऱ्या दिवशी त्याच वेळची पहिली लघवी घालून कॅन बंद. कॅनमध्ये कधी थोडे आम्ल घातलेले असते, ते पाणी समजून ओतून टाकू नये आणि कॅन मुलांच्या हाताला लागू देऊ नये. एखादी लघवी चुकली तर ते लाजेने लपवू नये, लॅबला सांगावे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करावी. मग रक्त आणि लघवी दोन्हींतले कॅल्शियम आणि क्रिएटिनीन यांवरून एक गुणोत्तर काढतात. ते ०.०१ च्या खाली असले तर घराण्यातला प्रकार असण्याची शक्यता फार, ०.०२ च्या वर असले तर ग्रंथीतली गाठ बहुधा खरी. मधल्या आकड्यांत नुसत्या लघवीवरून काही ठरवता येत नाही.

बाईंच्या चोवीस तासांच्या लघवीत कॅल्शियम ६२ मिलिग्रॅम आणि क्रिएटिनीन ९०० मिलिग्रॅम आले. रक्तातले क्रिएटिनीन ०.७. हिशेब ०.००४ चा निघाला. दोन वेळा केला.

इथे एक सावधगिरी सांगतो, कारण आपल्या भागात ती फार लागू आहे. 'ड' जीवनसत्त्व खूप कमी असेल, आहारात कॅल्शियम नसेल, किंवा रक्तदाबासाठी थायझाइड जातीची गोळी चालू असेल, तर गाठ असलेल्या माणसाच्या लघवीतही कॅल्शियम कमी दिसू शकते. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांचेही तसेच. उन्हात राबणाऱ्या कोकणात 'ड' कमी कसे असेल असे मलाही वाटायचे; रिपोर्ट पाहिले आणि मत बदलले. म्हणून आधी 'ड' तपासून, कमी असल्यास बेताने भरून काढून, मग लघवी तपासावी. रक्त घेतानाही दंडाला पट्टी फार वेळ आवळून ठेवली तर कॅल्शियम खोटे वाढलेले दिसते. एका आकड्यावरून धावाधाव करू नये ती यासाठीच.

लघवीचा आकडा आल्यावर भावाने मुंबईत जनुकाची तपासणी करून घेतली. नुसते रक्त द्यावे लागते. खर्च काही हजारांचा येतो आणि उत्तर यायला काही आठवडे जातात. सीएएसआरमध्ये दोष सापडला. मग एकाच घरातल्या बाकीच्यांना ती महाग तपासणी सरसकट करण्याची गरज उरली नाही. आधी साधे कॅल्शियम पाहिले की बरेचसे कळते. ते कणकवलीत, ओरोसला, कुठेही होते. प्रश्न माणसे एकत्र मिळण्याचा होता, तो गणपतीने सोडवला. चाकरमानी सगळे घरी. कणकवलीहून लॅबचा मुलगा सकाळी आला आणि आरतीच्या आधी ओळीने नऊ जणांचे रक्त घेऊन गेला. आजी, त्यांची तीन मुले आणि पाच नातवंडे. पाच जणांचे कॅल्शियम १०.८ ते ११.४ मध्ये निघाले: आजी, मुंबईचा मुलगा, बाई स्वतः, बाईंचा मुलगा आणि भावाचा मुलगा. सगळ्यात धाकटी बहीण आणि तिची दोन्ही मुले साफ नॉर्मल. एका प्रतीत दोष असलेल्या आईबापाचे प्रत्येक मूल म्हणजे नाणेफेक: निम्मी शक्यता दोष येण्याची, निम्मी न येण्याची. मुलगा-मुलगी असा भेद यात नाही. आजींचा आकडा १०.९ होता, आणि ७६ व्या वर्षी त्या अजून परसातल्या विहिरीचे पाणी काढतात.

त्याच दिवशी आजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. ही धाकटी बहीण जन्मली तेव्हा चौथ्या दिवशी तिला आकडी आली होती. कुणाची नजर लागली असे तेव्हा सगळ्यांनी ठरवले. याला एक कारण संभवते. आईचे कॅल्शियम जास्त असले की पोटातल्या बाळालाही ते जास्त मिळते, आणि बाळ स्वतः दोषमुक्त असेल तर त्याच्या ग्रंथी आळसावतात. जन्मानंतर नाळ तुटते, आयता पुरवठा थांबतो, ग्रंथी लगेच जाग्या होत नाहीत आणि कॅल्शियम झपकन उतरून झटके येतात. पन्नासेक वर्षांपूर्वी त्या बाळाचे रक्त कुणी तपासले नव्हते, म्हणून तसेच झाले असे मी छातीठोक सांगणार नाही. पण असा दोष असलेल्या बाईने बाळंतपणाच्या डॉक्टरांना आधी कल्पना द्यावी आणि बाळाचे कॅल्शियम पहिल्या काही दिवसांत तपासून घ्यावे, हे नक्की.

आता मुख्य काळजीचा विषय. बाईंचा मुलगा २५ वर्षांचा आणि भावाची मुलगी २२ वर्षांची. मामाची मुलगी करून घ्यायची असे दोन्ही घरांत चालले होते, गणपतीतच बोलणी पक्की व्हायची होती. आपल्याकडे हे नाते जुने आणि मानाचे, त्यावर टीका करण्याचा माझा हेतू नाही. पण आजोळ एक, म्हणजे दोष येण्याचा झराही एक. नवरा-बायको दोघांतही सीएएसआरची एकेक प्रत सदोष असेल, तर दर मुलामागे चारांत एक शक्यता अशी की बाळाला दोन्ही प्रती सदोष मिळतील. मग निरुपद्रवी हा शब्द उरत नाही. टाकीतला गोळा जवळपास नसल्यासारखाच होतो. चारही ग्रंथी सुटतात, कॅल्शियम १५ च्या, कधी २० च्याही वर जाते. बाळ लुळे पडते, दूध ओढत नाही, छातीची हाडे इतकी मऊ होतात की फासळ्या मोडतात आणि श्वास घेता येत नाही. नवजात बाळाचा हा तीव्र आजार आणि घराण्यातले सौम्य कॅल्शियम एकाच जनुकाचे आहेत, हे १९९३ सालीच दाखवले गेले. भारतातल्या अशा चार बाळांची हकिगत २०२० साली ग्रंथीविकारांच्या भारतीय नियतकालिकात छापून आली आहे. सलाईन आणि हाडांची झीज रोखणारे औषध देऊन वेळ मिळवता येतो, सिनॅकॅल्सेट नावाच्या औषधाचा काहींना उपयोग होतो. पण बहुतेकांच्या बाबतीत गळ्यातल्या ग्रंथी काढाव्या लागतात. महिन्याभराच्या बाळाचा गळा उघडणारे सर्जन फोंडाघाटपासून किती लांब असतील याचा विचार ज्याचा त्याने करावा.

मुलीचे कॅल्शियम ९.४ आले. एकदा नव्हे, दिवाळीत पुन्हा तपासले तेव्हाही, आणि बाईंच्या भावाने तिची जनुकाची तपासणीही करून घेतली. ती दोषमुक्त आहे. लग्न त्यानंतर ठरले. त्यांच्या मुलांना एक सदोष प्रत येण्याची निम्मी शक्यता आहेच, आणि दोष बापाकडून आलेला असला तर जन्मानंतर काही आठवडे बाळाच्या ग्रंथी जरा जास्त जोराने चालण्याची शक्यता असते, तेव्हा जन्मल्यावर रक्त तपासायचे असे सांगून ठेवले आहे. हे मी त्या दोघांना वेगळे बसवून सांगितले. मोठ्यांसमोर सांगितले असते तर 'मुलात दोष आहे' एवढेच गावभर झाले असते.

हा लेख वाचून कुणी ठरलेले ऑपरेशन रद्द करू नये, ही विनंती. कॅल्शियम वाढलेल्यांत घराण्यातला सौम्य प्रकार थोड्यांनाच असतो. ग्रंथीत गाठ हा त्याहून पुष्कळ जास्त आढळणारा आजार आहे आणि आपल्या देशात तो बऱ्याचदा उशिरा, हाडे पोकळ झाल्यावर आणि मूत्रपिंडात खडे झाल्यावर लक्षात येतो. परळच्या के.ई.एम. रुग्णालयाच्या ग्रंथीविकार विभागातील डॉक्टरांनी त्याच्या मूत्रपिंडावरील परिणामांवर २०१२ साली लिहिलेही आहे. अशांना शस्त्रक्रिया हे वरदानच. खूप तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, सुस्ती, वारंवार मुतखडा, किंवा कॅल्शियम १२ च्या वर, यांपैकी काही असेल तर वाट पाहू नये. कॅल्शियम जास्त आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तळाला असेल तर कर्करोग, क्षय किंवा 'ड' चा अतिरेक यांचा शोध घ्यावा लागतो.

घराण्यातून येणारे पण निरुपद्रवी नसलेले प्रकारही आहेत. एकाच कुटुंबात कुणाला तरुणपणी पॅराथायरॉइडची गाठ, कुणाला मस्तकातल्या पियूषिका ग्रंथीची, कुणाला स्वादुपिंडाची आणि पोटात वारंवार अल्सर असे दिसले, तर एमईएन१ या जनुकाची शंका घ्यावी. ते १९९७ साली सापडले. दुसरा प्रकार 'ड' जीवनसत्त्वाशी निगडित आहे. 'ड' चे काम झाल्यावर त्याची मोडतोड करणारे विकर काहींच्या शरीरात जन्मतःच नसते. १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये बाळांच्या दुधाच्या पावडरीत 'ड' सढळ हाताने घातले जाई आणि काही बाळे कॅल्शियम वाढून आजारी पडली. सर्वांना तेच दूध, मग आजार थोड्यांनाच का? २०११ साली सीवायपी२४ए१ या जनुकात त्याचे एक उत्तर मिळाले. अशा माणसाला मुतखडे होतात, लघवीत कॅल्शियम भरपूर असते, आणि 'ड' चे एक मोठे इंजेक्शन त्याला रुग्णालयात पोचवू शकते.

सहा लाख युनिटचे ते इंजेक्शन कंबर दुखली की घ्यायचे, महिन्याने पुन्हा घ्यायचे, ही पद्धत आमच्याच धंद्यातल्या लोकांनी पाडली आहे. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २०११ साली अशा अतिरेकाने आजारी पडलेल्या प्रौढांची माहिती प्रसिद्ध केली होती. गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाण्याचे संदेश हल्ली मोबाइलवर फिरतात, त्याविषयीही लोक विचारतात. विड्याला लावतात तेवढ्या चुन्याने कॅल्शियम चढत नाही. पण दिवसभर तोंडात पान-सुपारी आणि वर कॅल्शियमच्या गोळ्या असे चालले तर चढू शकते, मूत्रपिंडही बिघडू शकते.

बाईंना औषध काहीच दिलेले नाही. दूध, नाचणी, बांगडा-तारली काहीही वर्ज्य नाही. पाणी भरपूर प्यायचे आणि वर्षातून एकदा कॅल्शियम व क्रिएटिनीन तपासायचे एवढेच. त्यांच्या फाइलवर मी ठळक लिहून ठेवले आहे की कॅल्शियम ११.२ हे यांचे नेहमीचे आहे, त्यासाठी गळ्याची शस्त्रक्रिया करू नये. तशीच चिठ्ठी बाईंचा मुलगा आणि भावाचा मुलगा पाकिटात बाळगतात. आजींनी आपली चिठ्ठी देवघरात ठेवली आहे.